किडनीची रक्ततपासणी कशी करून घ्यायची: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळींसाठी

आपल्या सीमाभागातल्या माणसाचे आजारपणाचे कागद सहसा एका जागी नसतात. शुगर गावच्या आरोग्य केंद्रात तपासलेली असते, किडनीचं क्रिएटिनिन बेळगावात आणि सोनोग्राफी मिरजेत. पोरगा गोव्यात कामाला असेल तर एखादी तपासणी तिकडचीही असते. प्रत्येक ठिकाणचा डॉक्टर समोरचा तेवढाच कागद बघतो. बाकीच्या तपासण्यांत एक वेळ हे चालून जातं, किडनीच्या बाबतीत चालत नाही. किडनी बिघडत असताना दुखत नाही, लघवीलाही व्यवस्थित होते, आणि अंगावर सूज दिसेपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं. ते आधी कळतं फक्त रक्ताच्या आणि लघवीच्या आकड्यांवरून, आणि तेही मागचे आकडे शेजारी ठेवून पाहिले तरच.

आमच्या घरी आप्पांना शुगर आणि बीपी दोन्ही आहे. त्यांना घेऊन आरोग्य केंद्र, सिव्हिल, खाजगी लॅब, मिरज असं सगळीकडे फिरताना जे कळत गेलं ते इथे क्रमाने लिहिलं आहे. मी डॉक्टर नाही. उपचार काय करायचा हे इथे सापडणार नाही. योग्य तपासणी कशी मागायची, ती नीट कशी करून घ्यायची आणि कागद हातात आल्यावर त्यात काय बघायचं, एवढं सापडेल.

१. आधी ठरवा, तपासणी कुणाची करायची

शुगर असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी किडनीची तपासणी करावी. मोठ्या वयात होणारा मधुमेह असेल तर तो कळल्या दिवसापासूनच, कारण शुगर कळण्याआधी किती वर्षं अंगात होती याचा पत्ता नसतो. बीपी असलेल्यांनाही हेच लागू. घरात कुणाला डायलिसिस लागलं असेल, पूर्वी मुतखडे झाले असतील, हृदयाचा आजार असेल किंवा गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या चालू असतील, तर त्यांनीही करून घ्यावी.

आपल्याकडे आणखी दोन प्रसंगांत ही तपासणी तातडीने लागते. पहिला म्हणजे साप चावल्यावर. खानापूर, जांबोटीकडच्या रानात घोणस चावलेल्या माणसाची किडनी पुढच्या काही दिवसांत बंद पडू शकते. म्हणून लस दिल्यावरही क्रिएटिनिन पुन्हा पुन्हा बघतात आणि लघवी किती होते ते मोजतात. 'आता बरं वाटतंय' म्हणून पेशंटला दवाखान्यातून लवकर उठवून आणू नका. दुसरा प्रसंग उलट्या-जुलाबांचा, किंवा उन्हात ऊसतोड करताना अंगातलं पाणी पार आटण्याचा. अशा वेळी लघवी अगदी कमी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. खालच्या बऱ्याच पायऱ्या सावकाश चालणाऱ्या, जुनाट बिघाडासाठी आहेत. अचानक झालेल्या बिघाडाला त्या लावू नका.

२. कोणती तपासणी मागायची ते चिठ्ठीवर लिहून न्या

लॅबमध्ये 'किडनीची तपासणी' म्हणालात तर 'केएफटी' किंवा 'आरएफटी' या नावाचा गठ्ठा करून देतात. दोन्ही नावं एकाच गोष्टीची. त्यात साधारणपणे युरिया, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड, सोडियम, पोटॅशियम असतं. हे चांगलंच आहे, पण पुष्कळदा यात दोन गोष्टी नसतात, आणि नेमक्या त्याच सगळ्यात कामाच्या आहेत. म्हणून चिठ्ठीवर हे लिहा:

- सीरम क्रिएटिनिन, सोबत ईजीएफआर
- लघवीची एसीआर तपासणी, म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण
- सोडियम, पोटॅशियम, युरिया
- लघवीची साधी तपासणी

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो रक्तातून गाळून लघवीत टाकते. गाळणं मंदावलं की तो रक्तात साठत जातो. ईजीएफआर हे वेगळं रक्त घेऊन करायचं काम नाही. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष यांवरून सूत्राने काढलेला तो अंदाज आहे: दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला साधारण किती मिलिलिटर रक्तद्रव गाळतात याचा.

एसीआर मुद्दाम मागायची, कारण शुगरमुळे होणारा बिघाड बहुधा आधी लघवीत दिसतो. रक्तातलं क्रिएटिनिन जागच्या जागी असतं आणि लघवीतून अल्ब्युमिन जायला लागलेलं असतं. लघवीच्या साध्या तपासणीतली पट्टी थोडं अल्ब्युमिन पकडू शकत नाही. तिच्यावर 'निल' आलं म्हणून एसीआर सोडू नका.

३. कुठे जायचं

आरोग्य केंद्रात शुगर-बीपीची नोंद असेल तर तिथूनच सुरुवात करा. आशा कार्यकर्तीला विचारलं तर लॅबचा माणूस कुठल्या दिवशी असतो ते कळतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात क्रिएटिनिन होतं. एसीआर मात्र सगळीकडे होईलच असं नाही, फोन करून निघा. बेळगावात बिम्सचं जिल्हा रुग्णालय आहे, ज्याला आपण अजून सिव्हिलच म्हणतो, आणि नेहरूनगरला केएलईचं मोठं रुग्णालय आहे. खाजगी लॅब तर गल्लोगल्ली आहेत. खाजगी लॅब निवडताना एनएबीएलची (लॅबचा दर्जा तपासणाऱ्या मंडळाची) मान्यता आहे का ते विचारा, आणि क्रिएटिनिन कुठल्या पद्धतीने करतात तेही. 'एन्झायमॅटिक' पद्धत जास्त खात्रीची. जुन्या 'जाफे' पद्धतीत रक्तातल्या दुसऱ्या काही पदार्थांमुळे आकडा चुकू शकतो. कावीळ असताना किंवा शुगर फार वाढून कीटोन तयार झाले असताना हा फरक मोठा पडतो.

काउंटरवर कन्नडच बोलणारा माणूस असेल तर अडू नका. रक्ताच्या तपासणीला 'रक्त परीक्षे', लघवीच्या तपासणीला 'मूत्र परीक्षे', लॅबला 'प्रयोगालय'. एवढ्यावर काम होतं.

माझं आग्रहाचं सांगणं एकच: लॅब ठरवली की तीच धरून राहा. ती बेळगावची असो, निपाणीची असो की कोल्हापूरची. दरवेळी लॅब बदलली तर आकड्यातला फरक किडनीचा की यंत्राचा हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. उपचार मिरज-कोल्हापूरला चालू असले तरी तपासणी गावाजवळच्या ठरलेल्या लॅबमध्ये करून कागद घेऊन जाता येतं. बहुतेक डॉक्टर ते मान्य करतात, आधी विचारून घ्या.

४. सोबत काय न्यायचं

- आधार कार्ड. त्यावरची जन्मतारीखच लॅबमध्ये सांगा.
- रेशन कार्ड, बीपीएल असेल तर नक्की. सरकारी रुग्णालयात फी ठरवताना लागतं.
- आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेचं कार्ड काढलं असेल तर ते.
- डॉक्टरची चिठ्ठी.
- किडनीशी संबंधित मागचे सगळे कागद, तारखेच्या क्रमाने.
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. आयुर्वेदिक पुड्या, भस्मं, चूर्णं, बाजारातून आणलेली दुखण्यावरची औषधं, सगळं.

बायकांना आधार दाखवून राज्यातल्या साध्या सरकारी बसने फुकट जाता येतं, म्हणजे खानापूर-बेळगाव फेरीचा खर्च वाचतो. आईला किंवा आजीला न्यायचं असेल तर हे ध्यानात ठेवा.

योजनांबद्दल गैरसमज फार आहेत म्हणून थोडं सविस्तर. आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आणि डायलिसिससारख्या ठरलेल्या उपचारांसाठी. बाहेरच्या बाहेर केलेल्या क्रिएटिनिनचे पैसे त्यातून मिळतील असं धरून चालू नका. मोठ्या खाजगी रुग्णालयात त्या योजनेतून उपचार हवे असतील तर, तातडीचा प्रसंग सोडून, सरकारी रुग्णालयाची शिफारस चिठ्ठी लागते. म्हणून केस पेपर सरकारी रुग्णालयात असलेला बरा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, पण तीही साध्या रक्ततपासणीसाठी नाही. पलीकडे जाण्याआधी तिथल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राशी (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाशी) फोनवर बोला, आपल्या गावाचं नाव सांगा आणि कुठले कागद लागतील ते विचारूनच बसमध्ये बसा.

५. आदल्या दिवशीची पथ्यं

क्रिएटिनिनसाठी उपाशी राहावं लागत नाही. त्याच रक्तातून उपाशीपोटीची शुगर किंवा चरबी तपासायची असेल तरच रिकाम्या पोटी जायचं, आणि तेव्हाही पाणी प्यायला हरकत नसते. म्हाताऱ्या माणसाला पाण्याचा थेंबही न देता सकाळभर रांगेत उभं करतात, ते चुकीचं आहे. अंगातलं पाणी कमी झालं की युरिया आणि क्रिएटिनिन दोन्ही वर दिसू शकतात.

आदल्या रात्री मटण नको. शिजवलेल्या मांसातून क्रिएटिनिन थेट रक्तात जातं आणि काही तास आकडा चढलेला राहतो. जत्रा, म्हाई, लग्नाचं जेवण असेल तर तपासणी दोन दिवस पुढे ढकला. आदल्या दिवशी अंगमेहनतीचं जड काम किंवा तालमीत जोर-बैठकाही नकोत. पाणी नेहमीसारखं प्या, किडनी 'साफ' व्हावी म्हणून घागरभर पिऊ नका.

ताप, जुलाब, लघवीत जळजळ असेल तर नेहमीची वार्षिक तपासणी बरं झाल्यावर करा. बायकांनी पाळीच्या दिवसांत एसीआर देऊ नये, आकडा खोटा वाढतो. एसीआरसाठी सकाळची पहिली लघवी सगळ्यात चांगली. म्हणून डबी आदल्या दिवशीच लॅबमधून आणून ठेवा.

गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. बीपीची, शुगरची गोळी तपासणीच्या सकाळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

६. रक्त देताना

हे काम पाच मिनिटांचं. नळीवर तुमचं नाव, वय, आणि स्त्री की पुरुष बरोबर लिहिलंय का ते स्वतः डोळ्याने बघा. हात फार वेळ घट्ट बांधून मूठ उघड-मीट करायला लावली, किंवा नमुना खराब होऊन लाल पेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं. गावातून गोळा केलेला नमुना शहरातल्या लॅबला पोचायला वेळ लागला तरी तेच होतं. पोटॅशियम अचानक जास्त आलं की 'नमुना हिमोलाइज झाला होता का' असं लॅबला विचारा. पण ६ च्या वर असेल तर चौकशीत वेळ घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण खरंच एवढं वाढलेलं असेल तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

७. कागद हातात आल्यावर

इथे घाई करू नका, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

कागदावर तीन रकाने असतात: तपासणीचं नाव, तुमचा आकडा आणि 'नॉर्मल' मर्यादा. क्रिएटिनिनची मर्यादा पुरुषांसाठी साधारण ०.७ ते १.३ आणि बायकांसाठी ०.६ ते १.१ अशी छापलेली असते, लॅबप्रमाणे थोडी इकडे-तिकडे. आकडा मर्यादेत असला की तो ठळक छापत नाहीत, शेजारी बाणही नसतो. घरचे म्हणतात, सगळं ठीक आहे.

आता एका काल्पनिक पुरुषाचे तीन कागद शेजारी ठेवूया. वय ६०, क्रिएटिनिन ०.९. वय ६२, क्रिएटिनिन १.१. वय ६४, क्रिएटिनिन १.३. तिन्ही कागदांवर 'नॉर्मल'. हेच आकडे ईजीएफआर काढायच्या २०२१ च्या 'सीकेडी-ईपीआय' सूत्रात घातले तर ईजीएफआर येतो ९८, मग ७६, मग ६१. चार वर्षांत गाळण्याची ताकद तिसऱ्या हिश्शाहून जास्त गेली आणि एकाही कागदावर बाण उमटला नाही. असं होतं, कारण क्रिएटिनिन आणि गाळण्याची ताकद यांचं नातं सरळ नाही. सुरुवातीला ताकद बरीच घटली तरी क्रिएटिनिन थोडंसंच हलतं. म्हणून सुटा आकडा बघायचा नाही. ईजीएफआर बघायचा आणि मागचे आकडे त्याच्या शेजारी मांडायचे.

त्याउलट घाबरण्याचीही गरज नसते. १.० चं १.१ झालं तर तो रोजचा चढउतार असू शकतो. म्हणून दोन आकडे पुरत नाहीत, तीन-चार लागतात.

ईजीएफआर छापलेला नसेल तर मोबाइलवर काढता येतो. नॅशनल किडनी फाउंडेशन या अमेरिकेतल्या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट गणकयंत्र आहे. वय, स्त्री की पुरुष आणि क्रिएटिनिन भरायचं. वजन लागत नाही. एककाकडे लक्ष द्या: आपल्या लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात. परदेशातून आलेल्या कागदावर मायक्रोमोल असेल तर त्याला ८८.४ ने भागा.

वय आणि लिंग बरोबर लिहिलंय का बघा, असं मी वर का म्हटलं ते आता कळेल. ७० वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन १.२ असेल तर ईजीएफआर येतो ४९. काउंटरवर घाईत 'पुरुष' टिकलं गेलं तर तोच आकडा ६५ दिसतो. डॉक्टर ४९ बघून जी चौकशी करतील ती ६५ बघून करतीलच असं नाही. त्याच १.२ वर २५ वर्षांच्या पोराचा ईजीएफआर ८६ येतो. आणि वय अंदाजाने 'लिवा साठ' असं सांगायची आपल्याकडची सवय इथे सोडायला हवी. दहा वर्षांच्या फरकाने आकडा साधारण ६ टक्के हलतो.

ईजीएफआरचे टप्पे असे आहेत:

- ९० किंवा जास्त: जी१
- ६० ते ८९: जी२
- ४५ ते ५९: जी३ए
- ३० ते ४४: जी३बी
- १५ ते २९: जी४
- १५ च्या खाली: जी५

जी१ आणि जी२ म्हणजे आपोआप आजार नव्हे. लघवीत अल्ब्युमिन, सोनोग्राफीत दोष असं काही सोबत असेल तरच त्याला किडनीचा आजार म्हणतात. वयोमानाने ईजीएफआर सगळ्यांचाच थोडा थोडा उतरतो. एसीआरचे टप्पे तीन: ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे वाढलेलं, ३०० च्या वर म्हणजे फार वाढलेलं. ईजीएफआर ७० पण एसीआर ४०० असलेल्या माणसाला, ईजीएफआर ५५ आणि एसीआर १० असलेल्यापेक्षा जास्त जपावं लागतं. दोन्ही आकडे एकत्र वाचायचे ते यासाठी.

युरियाचा एक गोंधळ सांगून ठेवतो. काही लॅब 'ब्लड युरिया' देतात, काही 'बीयूएन'. एकच गोष्ट दोन मापांत आहे: बीयूएनला साधारण २.१४ ने गुणलं की युरिया येतो. गेल्या वेळी बीयूएन १५ आणि या वेळी युरिया ३२ आला म्हणून घरात रडारड नको, ते जवळपास सारखंच आहे.

८. सूत्र कुणाला लागू पडत नाही

सूत्र धरून चालतं की तुमच्या अंगात वयाच्या मानाने सरासरी स्नायू आहेत. ज्यांच्यात तसं नसतं त्यांना ते फसवतं.

अंथरुणाला खिळलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या म्हाताऱ्या माणसाचं क्रिएटिनिन ०.६ येतं आणि ईजीएफआर झकास दिसतो. स्नायूच उरले नाहीत तर क्रिएटिनिन तयार कुठून होणार? पाय कापलेल्या मधुमेही माणसाचंही तेच. त्याच्या उलट आपले तालमीतले पैलवान. पिळदार शरीर, रोजचा व्यायाम, मटणाचा खुराक, आणि आता त्यात क्रिएटिन नावाच्या पावडरीचा डबा. त्या पोराचं क्रिएटिनिन १.४ आलं तर किडनी बिघडलीच असं नाही. दोघांसाठीही 'सिस्टॅटिन सी' ही रक्ततपासणी विचारा. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. महाग पडते आणि सगळीकडे होत नाही, म्हणून खरंच शंका असेल तेव्हाच.

गरोदर बाईला हे सूत्र लावत नाहीत. गरोदरपणात क्रिएटिनिन मुळातच उतरतं, त्यामुळे एरवी 'नॉर्मल' वाटणारा आकडा तिच्यासाठी जास्त असू शकतो. १८ वर्षांखालच्या मुलांचं सूत्र वेगळं आहे, त्यात उंची लागते. मुलाला नेताना उंची मोजून न्या. आणि पहिल्या पायरीत सांगितलेल्या साप, जुलाब अशा अचानकच्या बिघाडात क्रिएटिनिन रोज बदलत असतं, तेव्हाही ईजीएफआरचा आकडा खरा धरत नाहीत.

९. आकडा वाईट आला तर

एका कागदावरून जुनाट आजाराचा शिक्का बसत नाही. बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकला तरच तो जुनाट धरतात. पण म्हणून तीन महिने गप्प बसायचं नाही. आधीचा कागदच नसेल किंवा आकडा एकदम चढला असेल, तर डॉक्टर काही दिवसांतच पुन्हा तपासायला सांगतात. लघवी बंद होणं, तोंडावर-पायांवर सूज, दम लागणं, गुंगी, सतत उलट्या यांपैकी काही असेल तर कागद घेऊन थेट दवाखान्यात.

डॉक्टरांपुढे बसल्यावर हे विचारा: हा बिघाड नवा की जुना? कशामुळे? चालू गोळ्यांपैकी कुठल्या बदलायच्या? पुढची तपासणी कधी? हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या. गर्दीत सुचत नाहीत.

गोळ्यांबद्दल तीन गोष्टी सांगतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या किडनीला मारक ठरतात, आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर तर जास्तच. आठवडी बाजारात मिळणारी 'गुडघ्याची पुडी' त्याहून धोक्याची, कारण तिच्यात काय आहे हेच कळायला मार्ग नसतो. ती डॉक्टरांना दाखवा, लपवू नका. दुसरं, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल अशा बीपीच्या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ बहुधा अपेक्षितच असते. लघवीतून अल्ब्युमिन जात असेल तेव्हा या गोळ्या किडनीला राखतात. क्रिएटिनिन वाढलं म्हणून घरी कुणीतरी त्या बंद करतं, आणि नुकसान तिथे होतं. गोळी सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन-पोटॅशियम पुन्हा तपासून डॉक्टरांना विचारा. तिसरं, शुगरची मेटफॉर्मिन ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की डोस कमी करायला लागू शकते आणि ३० च्या खाली बंद करतात. गावातला डॉक्टर ती देत असेल आणि शहरातल्या डॉक्टरकडे ईजीएफआरचा कागद असेल, तर दोघांना एकमेकांची चिठ्ठी दाखवणं तुमचं काम आहे.

ईजीएफआर ३० च्या खाली असेल, एसीआर ३०० च्या वर असेल, किंवा ईजीएफआर वर्षाला ५ पेक्षा जास्त उतरत असेल, तर किडनीच्याच डॉक्टरांकडे जा. रंगीत औषध टोचून सीटी स्कॅन करायला सांगितलं तर आधी ईजीएफआरचा कागद पुढे करा.

१०. फाईल

जाड पुठ्ठ्याची एकच फाईल करा. मूळ कागद त्यात तारखेने लावा. लॅबचे काही कागद उष्णतेवर छापलेले असतात, वर्षभरात अक्षरं उडतात. आणल्या दिवशीच झेरॉक्स काढा आणि मोबाइलवर फोटोही ठेवा. फाईलच्या पहिल्या पानावर हाताने रकाने आखा: तारीख, लॅब, क्रिएटिनिन, ईजीएफआर, एसीआर, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, बीपी, नवी सुरू झालेली किंवा बंद केलेली गोळी. आप्पांच्या फाईलचं हे पहिलं पान डॉक्टरांपुढे ठेवलं की ते आधी तेच वाचतात, मागचे कागद उलटायची वेळ फार कमी येते. बेळगावचे डॉक्टर असोत की मिरजेचे, आकडे तेच असल्याने भाषेचीही अडचण येत नाही.

ईजीएफआर ३० च्या खाली गेलेला असेल तर फाईलवर मोठ्या अक्षरात आणखी एक ओळ लिहा: 'रक्त तळहाताच्या मागच्या शिरेतून घ्यावे.' पुढे डायलिसिससाठी फिस्टुला (हातातल्या दोन रक्तवाहिन्यांची जोडणी) करायची वेळ आली तर मनगटापासून कोपरापर्यंतच्या शिरा शाबूत लागतात, आणि दरवेळी तिथे सुया टोचून, सलाईन लावून त्या खराब होतात. लॅबमध्ये बाही वर करायच्या आधी ही ओळ दाखवा. सलाईन लावायला आलेल्या सिस्टरलाही दाखवा. डॉक्टरांशी बोलून उजव्या हाताने काम करणाऱ्याचा डावा हात राखून ठेवा, आणि डावखुऱ्याचा उजवा.